एका माणसाच्या मापाची चौकट

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी धातू शोधणारी जी चौकट उभी असते, ती एका माणसाच्या मापाची असते. एका वेळी एकानंच तिच्यातून जायचं. चौकटीच्या अलीकडे-पलीकडे जे काही आहे, तेही याच हिशेबानं मांडलेलं: एक प्रवासी, एक बॅग, दोन मोकळे हात. त्या हातांनी कमरेचा पट्टा सोडायचा, खिसे रिकामे करायचे, लॅपटॉप बाहेर काढायचा, ट्रे भरून रोलरवर ढकलायचा आणि पलीकडे जाऊन पुन्हा सगळं जागच्या जागी लावायचं. पहाटेच्या विमानानं मुंबईहून दिल्लीला जाऊन रात्री घरी परतणाऱ्या माणसासाठी ही मांडणी चोख आहे. त्याला ती अंगवळणी पडलेली असते.

कडेवर आठ महिन्यांचं मूल असलेल्या बाईला मोकळा हात एकच असतो, आणि तोही बहुतेक वेळा प्रॅमच्या दांडीत किंवा मोठ्या मुलाच्या मनगटात अडकलेला असतो. प्रॅम मिटायला दोन हात आणि एक पाय लागतो. मिटण्याआधी तिच्या खालच्या जाळीतलं सामान काढावं लागतं: दुपटं, डायपरची पिशवी, खुळखुळा, अर्धं खाल्लेलं केळं. मूल छातीशी बांधायची झोळी असेल तर तीही सोडून ट्रेमध्ये ठेवायची असते, म्हणजे तासभर थोपटून झोपवलेलं मूल नेमकं इथे उठवायचं. मागे रांग वाढत असते. मागचा माणूस काही बोलत नाही, नुसता घड्याळाकडे बघतो, आणि ते मान न वळवताही आईला कळतं.

या प्रसंगाबद्दल बोलताना आपण बहुधा आईबापांना सल्ले देतो. सामान कमी आणा, लवकर निघा, मुलाला आधी खाऊपिऊ घाला. सल्ले खोटे नाहीत. पण मला वाटतं, अडचण मोजणीत आहे. लहान मूल बरोबर असलं की आई, बाप आणि मूल हे सगळे मिळून एकच प्रवासी होतात. त्यांच्या हालचाली एकमेकांवर अवलंबून असतात. एकाचा हात दुसऱ्याला लागतो, एकाची नजर तिसऱ्यावर असते. तपासणीची जागा मात्र त्यांना सुटं करून तीन वेगळे प्रवासी म्हणून मोजते, आणि इतर कुठल्याही क्षणापेक्षा जिथे त्यांनी एकत्र असायला हवं, नेमकं तिथेच त्यांची ताटातूट करते.

आपल्याकडे ही ताटातूट दुहेरी आहे. पुरुषांची चौकट वेगळी, बायकांची वेगळी. बायकांची अंगझडती पडद्याआड, महिला जवानाकडून. ती तशीच असायला हवी. पडदा काढून टाकलेली तपासणी मला नको आणि कुठल्याही बाईला नको असेल. पण पडदा ठेवूनही घर एकत्र ठेवता येतं, याचा विचार जागा आखताना कुणी केलेला दिसत नाही. कुठे रांगच मुळापासून वेगळी असते, कुठे ट्रेचा पट्टा एक आणि चौकटी दोन असतात. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी पुरुषांसाठी तीन-चार चौथरे ओळीनं मांडलेले असतात आणि बायकांसाठी एकच पडदा. आई मुलाला घेऊन त्या पडद्यासमोर थांबलेली, बाप पलीकडच्या रांगेत अडकलेला. मुलाच्या सामानाची पिशवी कुणाच्या ट्रेमध्ये गेली हे दोघांनाही धड आठवत नाही. त्या पिशवीत थर्मास असतो, औषधाची बाटली असते, नखं कापायची छोटी कात्री असते, त्यामुळे ती एक्स-रेच्या पडद्यावर हमखास अडते आणि बाजूच्या पट्ट्यावर जाते. 'ये बैग किसका है?' असा पुकारा होतो. जिनं उत्तर द्यायचं ती पडद्याआड हात पसरून उभी असते, आणि ज्याला देता आलं असतं तो अजून चौकटीच्या अलीकडे असतो. बॅग तशीच पडून राहते, मागच्या बॅगा तुंबतात. सगळ्या रांगेचा वेळ जातो तो इथे. मूल रडतं म्हणून वेळ जातो, हा आपला समज आहे.

आई एकटी मुलाला घेऊन जाते तेव्हा तिची तारांबळ सगळ्यांना दिसते आणि बहुधा कुणी ना कुणी पुढे होतं. बाप एकटा मुलीला घेऊन निघतो तेव्हा काय होतं, ते मी एका विमानतळावर जवळून पाहिलं. पस्तिशीचा माणूस, बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. दोन वेण्या, पाठीला सशाच्या आकाराची छोटी सॅक. वेण्या बापानंच घातल्या असाव्यात, कारण एक कानाच्या वर सुरू होत होती आणि दुसरी मानेशी. त्यानं सगळं नीट केलं. सॅक ट्रेमध्ये ठेवली, तिचे बूट काढले, पाण्याची बाटली वेगळी ठेवली. चौकटीपाशी जवानानं त्याला थांबवलं आणि म्हणाला, बच्ची को लेडीज़ में भेजिए. आवाजात अरेरावी नव्हती. नियम होता, तो त्यानं सांगितला.

दोन चौकटींच्या मध्ये एक टेबल होतं, रिकाम्या ट्रेंची चळत होती आणि एक खांब होता. मुलगी खांबाला वळसा घालून आमच्या बाजूला आली आणि पडद्यासमोर थबकली. आतून महिला जवान हिंदीत बोलावत होती. मुलीला हिंदी कळत नव्हतं किंवा त्या क्षणी काहीच कळत नव्हतं. तिनं मोज्यातली पावलं एकमेकांवर ठेवली आणि कुणाकडेच न बघता विचारलं, "बाबा कुठेय?" मी पुढे होऊन म्हटलं, "तो बघ तिकडे. मी मावशी. आपण दोघी आत जाऊ आणि लग्गेच बाहेर येऊ." तिनं खांबापलीकडे पाहिलं. बाप चौथऱ्यावर उभा होता, दोन्ही हात आडवे पसरलेले, छातीवरून ते काळं यंत्र फिरत होतं. हात खाली घेण्याची सोय नव्हती. त्यानं तसंच उभं राहून तिला मानेनं 'जा' म्हणून सांगितलं. ती माझं बोट धरून आत आली. आतली बाई भली होती. तिनं मुलीला चौथऱ्यावर चढायलाही लावलं नाही, एकदा पाठीवरून हात फिरवला आणि सोडून दिलं. बाहेर येऊन आम्ही दोघी तिच्या सशाची वाट बघत उभ्या राहिलो. बाप आला तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. माझे आभार मानताना त्याचा आवाज जरा चढा होता, घाबरलेल्या माणसाचा असतो तसा.

कुणीही नियम मोडला नव्हता. कुणी उद्धटपणा केला नव्हता. तरी पाच वर्षांची मुलगी दोन मिनिटं एका परक्या बाईच्या स्वाधीन झाली होती, आणि तेही अशा जागी, जिथे अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका, आपलं सामान कुणाकडे सोपवू नका, असं ध्वनिक्षेपक सारखा बजावत असतो. सामानाबाबत जी काळजी घ्यायला सांगतात, ती लेकराबाबत घेण्याची सोय त्या बापाला मिळाली नाही. पडद्याची खोली जरा ऐसपैस असती आणि तिचं तोंड पुरुषांच्या चौथऱ्याकडे असतं, तर तो तिला दिसत राहिला असता. नाहीतर त्याची तपासणी आधी उरकून त्याला पडद्याच्या तोंडाशी उभं राहू दिलं असतं, तरी भागलं असतं. एवढंच हवं होतं.

तपासणी ढिली करा असं मी म्हणत नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान घातपातात आयर्लंडजवळ समुद्रावर कोसळलं तेव्हा ३२९ माणसं गेली, त्यांत ऐंशीहून अधिक मुलं होती. शाळांच्या उन्हाळी सुट्ट्यांचे दिवस होते, कॅनडातली भारतीय कुटुंबं मुलांना घेऊन आजी-आजोबांकडे निघाली होती. त्या दिवशी टोरांटोला सामान तपासण्याचं एक्स-रे यंत्र बंद पडलं होतं. या घातपातानंतर, १ एप्रिल १९८७ ला, नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हे आपल्याकडे स्वतंत्र खातं झालं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-८१४ कंदहारला नेलं गेलं, आणि त्यानंतर विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये पहिला क्रम जयपूरचा लागला. आज खाकीतली जी मुलं-मुली आपल्या बॅगा उघडतात, त्यांच्यामागे हा इतिहास उभा आहे. त्यातली लहान मुलं मला विसरता येत नाहीत.

आई आहे म्हणून सोडून द्या, असंही म्हणता येत नाही. १७ एप्रिल १९८६ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तेल अवीवला निघालेल्या एका गरोदर बाईच्या बॅगेच्या खोट्या तळात स्फोटकं सापडली. ती तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, नेझार हिंदावीनं, ठेवली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. पोटातल्या बाळासकट तिला आणि विमानातल्या साडेतीनशेहून अधिक माणसांना मारायचा तो कट होता. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग आरपार निघून गेली होती. इस्रायली कंपनी एल-अलच्या माणसांनी तिला शांतपणे प्रश्न विचारले, उत्तरं जुळेनात म्हणून बॅग रिकामी करून हातात तोलून पाहिली, आणि सगळे वाचले. या घटनेतून मी एवढं घेते की चांगली तपासणी म्हणजे समोरच्या माणसाकडे निवांत लक्ष देणं. ज्या रांगेत मूल ओरडतंय, बाप बॅग शोधतोय, मागून धक्के येताहेत आणि जवानाला घाई झालीय, तिथे असं लक्ष कुणाकडेच दिलं जात नाही. कुटुंबाला वेळ आणि जागा दिली तर तपासणी अधिक कडक होऊ शकते.

वेळ दिला नाही की काय होतं, हे दुधाच्या बाटल्यांनी जगाला दाखवलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला. आज शंभर मिलिलिटरची जी मर्यादा आहे ती तिथूनच आली. त्या पहिल्या दिवसांत ब्रिटनच्या विमानतळांवर बाळाचं दूध नेता येत होतं, पण प्रत्येक बाटलीतला घोट बरोबरच्या मोठ्या माणसानं तपासनीसासमोर घेऊन दाखवायचा अशी अट होती. त्याच्या चार वर्षं आधी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एका आईला तिनं स्वतःचं काढून ठेवलेलं दूध पिऊन दाखवायला लावलं होतं. अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरमध्ये या विषयावर कायदाच झाला. आईचं दूध, ते काढायचा पंप, बाळाचं अन्न या गोष्टी कशा तपासायच्या याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला त्यानं सांगितलं. इतक्या साध्या गोष्टीला कायदा लागावा, यावरून त्या आयांनी किती सोसलं असेल ते समजतं. एक्स-रेच्या पडद्यामागे बहुधा पुरुष बसलेला असतो. पंप हातात धरून तो 'हे काय आहे' असं विचारतो आणि सगळी रांग ऐकत असते. बाळाला घरी ठेवून नोकरीच्या कामाला निघालेल्या बाईला तर पुढचा प्रश्नही ऐकावा लागतो, की मग बाळ कुठे आहे.

आपल्या घरांशी थेट संबंध असलेली आणखी एक गोष्ट. जून २०१८ च्या अखेरीपासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त मापाची पूड असली तर तिची वेगळी तपासणी होते. बाळाच्या दुधाच्या पावडरीला त्यातून सूट आहे. डब्यावर कंपनीचं नाव असतं, बाळाचं चित्र असतं, तपासणाऱ्याला शंका राहत नाही. पण भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून वस्त्रगाळ केलेलं नाचणीचं सत्व स्टीलच्या डब्यात भरून आजी न्यू जर्सीला नातवाकडे निघते, तेव्हा त्या मळकट गुलाबी पुडीवर कसलाच शिक्का नसतो. बाळाचं अन्न म्हणजे काय, हे कारखान्याच्या डब्यावरून ठरवलं की घरोघरीच्या आया-आज्या संशयित ठरतात. (सत्व चेक-इनच्या बॅगेत टाकावं आणि प्रवासापुरतं चार चमचे हातात ठेवावं, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते.) वाळ्यांचंही तेच. बारशाला आजोळहून आलेले चांदीचे वाळे, करदोट्यातली चांदीची साखळी, मनगट्या. बाळाच्या अंगावरून यंत्र फिरलं की ते वाजतं. महाराष्ट्रातल्या विमानतळावर तरी ते का वाजलं हे कुणाला सांगावं लागू नये.

मुलाच्या बाजूनं हा सगळा प्रकार कसा दिसत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. सात-आठ महिन्यांपासून पुढे वर्ष-दीड वर्ष मुलांना परक्याची धास्ती वाटते आणि आई नजरेआड झाली की जीव घाबरा होतो. वाढीचा तो नैसर्गिक टप्पा आहे, हट्ट नव्हे. नेमक्या त्या वयात एक गणवेशातला परका माणूस हात पुढे करतो, आई पडद्याआड जाते, आणि ज्या भालूला कवटाळून ते मूल कुठेही झोपू शकतं तो भालू काळ्या रबरी झालरींमागे दिसेनासा होतो. एक आई मला आठवते. मुलगा भालूला सोडायला तयार नव्हता. ती खाली बसली, त्याच्या उंचीची झाली आणि म्हणाली, "खंडाळ्याला आपण बोगद्यात गेलो होतो ना? आता भालू जाणार. तू पळत पलीकडे जा आणि त्याला स्टेशनवर घे." मुलानं स्वतःच्या हातानं भालूला ट्रेमध्ये निजवलं. मशीनपाशी बसलेल्या माणसानं एरवी पट्टा थांबत थांबत चालवला असता, भालू जाताना त्यानं तो एका दमात पुढे सोडला. मी पाहिलं म्हणून सांगते, त्यानं ते मुद्दाम केलं.

अशी माणसं आहेत आणि सगळीकडे आहेत. दुसऱ्या एका ठिकाणी पडद्याआडची महिला जवान अगदी कोवळी होती, स्वतःच विशी-बाविशीची. माझ्या पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल यंत्र पाहून कळवळलं. या मुलीनं ते यंत्र आधी स्वतःच्या पट्ट्याच्या बकलावर टेकवलं. कुंई वाजलं. मूल गप्प. तिनं पुन्हा टेकवलं, पुन्हा कुंई. मूल हसलं आणि यंत्राकडे हात पुढे केला. तिनं त्याला ते शिवू दिलं, आणि शिवता शिवता आईची आणि मुलाची दोघांची तपासणी उरकली. अर्धं मिनिटही जास्त गेलं नसेल. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, घरी धाकटी भावंडं असतील. माझी मागणी एवढीच की हे प्रशिक्षणात शिकवावं. यंत्र मुलाच्या अंगाजवळ नेण्याआधी त्याला दाखवावं, वाजवून दाखवावं, आई मुलाला नजरेआड होऊ देऊ नये. ज्याला धाकटी भावंडं नाहीत त्या जवानालाही हे जमलं पाहिजे.

रांगांचा प्रश्न जगात इतरांनी हाताळून पाहिला आहे. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं, टीएसएनं, सॉल्ट लेक सिटी आणि डेन्व्हरला एक प्रयोग केला. बर्फावरच्या घसरगुंडीच्या मार्गांना तिकडे सोप्या-अवघडाच्या खुणा असतात. त्याच खुणा त्यांनी रांगांना दिल्या: नेहमी फिरणाऱ्यांसाठी काळा चौकोनी हिरा, अधूनमधून जाणाऱ्यांसाठी निळा चौरस, आणि कुटुंबांसाठी, मदत लागणाऱ्यांसाठी हिरवा गोल. कुणी कुठे उभं राहायचं ते प्रवाशानंच ठरवायचं. यातलं मला आवडतं ते असं, की हिरव्या रांगेत कुणी मागून घाई करणारं नसतं. सगळेच मुलंवाले, सगळ्यांच्याच प्रॅमच्या दांड्या अडकतात. काळ्या रांगेतल्या घाईच्या माणसाची वाटही त्यामुळे मोकळी होते. लंडनच्या गॅटविक विमानतळावर कुटुंबांची वेगळी रांग आहे. २०२५ च्या जुलैत टीएसएनं ऑर्लँडोसारख्या विमानतळांवर पुन्हा कुटुंबांच्या मार्गिका सुरू केल्या. डिस्नेच्या गावाला निघालेली आणि तिथून परतणारी मुलं तिथे रोज लोंढ्यानं येतात.

नियम अचल वाटतात, पण हलवले की हलतात. २०११ मध्ये अमेरिकेनं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बूट न काढता जायची मुभा दिली. २०२५ मध्ये ती सगळ्यांनाच मिळाली. मुलांसाठी म्हणून जी वाट काढली ती पुढे सगळ्यांच्या कामी आली. आपल्याकडे हातातल्या प्रत्येक बॅगेला कागदी टॅग बांधायचा आणि त्यावर शिक्का घ्यायचा, हे कित्येक वर्षं अढळ होतं. शिक्का राहिला की विमानाच्या दारातून मागे पाठवायचे. मूल कडेवर घेऊन शिक्क्यासाठी उलट धावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एप्रिल २०१७ मध्ये मुंबई-दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर ते टॅग बंद झाले. आज पाच वर्षांच्या मुलाला ते टॅग काय होते हे समजावून सांगावं लागेल.

आणि नुसती रांग आखून भागत नाही, बोलणारं माणूसही लागतं. डिसेंबर २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एका आजीनं आपला महिन्याभराचा नातू प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे एक्स-रेच्या पट्ट्यावर सोडला. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, सगळं ट्रेमध्ये ठेवायचं एवढं तिला कळलं होतं. पडद्यावर बाळाची आकृती उमटल्यावर कर्मचारी धावले. बाळाला तपासून घेतलं, त्याला अपाय झाला नव्हता. लोक ही बातमी हसून सांगतात. मला त्या आजीच्या जागी आपल्याकडची पहिल्यांदा परदेशी निघालेली आजी दिसते, जी सूचना वाचायला जावी तर त्या तिला न येणाऱ्या भाषेत, आणि ज्याला विचारावं तो ट्रे पुढे ढकला म्हणून खुणावतोय. रांगेच्या सुरुवातीलाच चित्रं लावली, बाळ कडेवर, प्रॅम मिटलेली, बाटली वेगळ्या ट्रेमध्ये, तर भाषेचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा सोडवायला मराठी, हिंदी, इंग्रजी बोलणारं एक माणूस तिथे उभं राहिलं पाहिजे. दिवाळीनंतर मुलाच्या सॅकमध्ये राहून गेलेलं टिकल्यांचं पिस्तूलही त्यालाच आधी विचारता येईल. ते एक्स-रेमध्ये सापडलं की जप्त होतं, मुलगा भोकाड पसरतो, बापाला खुलासे द्यावे लागतात. टर्मिनलच्या दाराशीच कुणी विचारलं, तर पोचवायला आलेल्या काकाच्या हातात ते सुखरूप परत जातं.

जागा आखतानाच मुलांचा विचार केला तर काय होतं, याची उदाहरणं फार लांबची नाहीत. सिंगापूरच्या चांगीला पहिल्या तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी विमानाच्या गेटपाशी होते. एका वेळी बहुधा एका विमानाचेच प्रवासी तिथे असतात, त्यामुळे हजारोंची एक प्रचंड रांग तयारच होत नाही. दुबईला एप्रिल २०२३ पासून मुलांसाठी पासपोर्टचा बुटका काउंटर आहे, जिथे चार ते बारा वर्षांची मुलं आपल्या पासपोर्टवर स्वतः शिक्का मारतात. ती सुरक्षा तपासणी नव्हे, पण ज्या जागेला मुलं बिचकतात तिथे त्यांच्या हाताला काम दिलं की ती कशी पुढे सरसावतात ते तिथे दिसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुबईहून मुंबई-पुण्याला येणारी कितीतरी मराठी मुलं त्या काउंटरची गोष्ट आजोळी रंगवून सांगतात.

आपल्याकडे संधी समोर आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची, सगळे टप्पे झाल्यावर नऊ कोटींची. म्हणजे तिथली बरीचशी तपासणीची दालनं अजून बांधायची आहेत. त्यांच्या नकाशात मला एक रुंद मार्गिका हवी आहे, जिच्यात पुरुषांचा चौथरा आणि बायकांचा पडदा समोरासमोर असतील आणि मधे खांब नसेल. ट्रेचा पट्टा एकच असावा आणि त्याची सुरुवात गुडघ्याच्या उंचीला असावी, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला आपली सॅक स्वतः ठेवता येईल. प्रॅम न मिटता जाईल असं मोठं यंत्र किंवा ती हातानं तपासणारं माणूस. दूध आणि औषधं तपासायला वेगळं टेबल, आणि त्या टेबलापाशी बाई. पलीकडे भिंतीला लागून लांब बाक, जिथे मुलाला मांडीवर घेऊन बूट घालता येतील. आणि रांगेच्या तोंडाशी जो कुणी उभा असेल त्याला एवढा अधिकार, की लहान मूल दिसलं की कुणी विनवण्या करायची वाट न बघता त्यानं दोरी बाजूला करावी आणि अख्ख्या घराला एकत्र आत घ्यावं, बाप एकटा असला तरी.